मापाचा हात

"काय टोचत न्हाय तिला. साच्यातनं काढल्यागत बसलीया मूठ."

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हे बोलणं मी बाहेर, स्कूटरला टेकून उभी असताना ऐकलं. आत इस्माईलचाचांच्या वर्कशॉपमध्ये पट्ट्याची करवत चालू होती, शेजारच्या शेडमध्ये लेथ किंचाळत होतं, तरीही आप्पांचा आवाज त्या सगळ्यांवरून स्वच्छ बाहेर आला. उद्यमनगरात इतकी वर्षं दुकान चालवलेल्या माणसाचा आवाज यंत्रांपेक्षा मोठाच होऊन बसतो. चाचांचा प्रश्न मला ऐकू आला नव्हता, पण उत्तरावरून तो ओळखता येत होता. पोरीला कुठं टोचतंय का, असं त्यांनी विचारलं असणार. पोरगी म्हणजे मी. टोचत होतं ते उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात, आणि तिथं त्या दिवशी हरभऱ्याएवढा फोड होता. मी त्या फोडावर फुंकर घातली आणि रस्त्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी माझी निवड चाचणी होती.

मूठ होती ती पिस्तुलाची. हे वाक्य लिहिताना मला आजही हसू येतं, कारण आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे लिंगायत. घर मंगळवार पेठेत आणि आप्पांचं नटबोल्टांचं, यंत्रांच्या पट्ट्यांचं दुकान उद्यमनगरात. रविवारी दहाच्या सुमारास गल्लीतल्या घराघरातून रश्श्याचा वास सुटला की अव्वा, म्हणजे आमची आई, खिडक्या लावून घ्यायची आणि उदबत्ती पेटवायची. अशा घरात, देवघराच्या खालच्या फडताळात, विभूतीच्या वड्यांशेजारी जर्मन बनावटीचं पिस्तूल ठेवलेलं असे. ते हवेचं होतं. बाजूची दांडी ओढून हवा भरायची आणि दहा मीटरवरच्या कागदावर मिरीएवढी शिशाची गोळी मारायची, एवढंच त्याचं काम. आप्पा ही गोष्ट पाहुण्यांना कधीच सांगत नसत. पाहुणे विचारायचे, "लायसन काढलंय न्हवं?" आणि आप्पा नुसते गूढ हसायचे. हवेच्या पिस्तुलाला लायसन लागत नाही हे सांगितलं असतं तर पिस्तुलाची आणि घराची दोन्हीची किंमत उतरली असती.

मी नेमबाजीकडे वळले ती शौर्यासाठी नव्हे. मी बुजरी होते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते, तिथं मराठी बोललं की बाकावर उभं करत आणि घरी इंग्रजी शब्द आला की दादा हात जोडून "मॅडम, चहा घेणार?" असं विचारायचा. दोन्हीकडून वाचण्याचा उपाय म्हणून मी गप्प राहायला शिकले. नेमबाजीच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "या खेळात बोलायचं नसतं." तेवढं एक वाक्य मला पुरलं. रेंजवर कानाला बोंडं लावली की जग बंद व्हायचं, हात वर जायचा, श्वास अर्ध्यावर थांबायचा आणि टक् असा आवाज यायचा. कुणी काही विचारत नसे. कुणाला उत्तर द्यावं लागत नसे. माझ्या आयुष्यात तोवर मिळालेली ती एकमेव खोली होती, आणि तिला भिंतीही नव्हत्या.

आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की पोरगी कागदाच्या मधोमध मारते. त्यांनी पुण्याच्या एका निवृत्त नेमबाजाकडून जुनं पिस्तूल आणलं आणि अट घातली: एक हंगाम. जिल्ह्याच्या टीममध्ये आली तर पिस्तूल घरात राहील, नाही आली तर पुण्याच्या त्या नेमबाजाला परत. त्यांनी हे जेवताना, शेंगदाण्याची चटणी तेलात कालवत, अगदी प्रेमानं सांगितलं. आप्पा सगळंच प्रेमानं करायचे. म्हणून तर त्यांना थांबवणं कठीण होतं.

त्या पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती आणि ज्याच्यासाठी ती घडवली तो माणूस बहुधा हातानं नारळ फोडत असावा. माझं बोट घोड्यापर्यंत जेमतेम पोचायचं. सर म्हणाले, "मूठ स्वतःच्या हातासारखी करून घ्यायची असते. जास्त असेल तिथं कानशीनं घास, कमी असेल तिथं लांबी, म्हणजे लाकडाचा लगदा, भर. जगातला प्रत्येक नेमबाज हेच करतो. घरी बसून, थोडं थोडं, आठवडाभर." मी मान हलवली. घरी येऊन आप्पांना कानस मागितली. दुकानात कानशींचे खोकेच्या खोके होते. पण आप्पांनी कानस दिली नाही. ते म्हणाले, "तू कशाला घासतीस? उद्यमनगरात आपली एवढी माणसं असताना आपण घरात बसून लाकूड घासायचं? लोकं काय म्हणतील? नवीन करू की."

आपली माणसं म्हणजे इस्माईलचाचा. ते पॅटर्नमेकर होते. ओतकामात लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते, वाळूत तिचा ठसा घेतात. ती प्रतिकृती करणारा तो पॅटर्नमेकर. पंपाचं पोट, उसाच्या चरकाचं चाक, सगळं आधी त्यांच्या हातून सागवानात जन्माला यायचं. त्यांची मोजपट्टीसुद्धा वेगळी होती. तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा केसभर मोठा असे, कारण तापलेलं लोखंड निवताना आटतं. शिवाय प्रत्येक वस्तूला ते थोडं लाकूड जास्तीचं ठेवायचे, पुढं घासून नेमकं करण्यासाठी. "आधी जास्त ठेवायचं, मग हळूहळू काढायचं," असं ते म्हणायचे. "काढलेलं परत लावता येत न्हाय." आप्पांना हे वाक्य इतकं आवडलं होतं की ते दुकानात गिऱ्हाइकांना भावाच्या बाबतीत ऐकवायचे.

चाचांनी पहिल्याच दिवशी निरोप पाठवला: हात आणा. यावर आमच्या घरी बैठक बसली. वर्कशॉपमध्ये पोरीचं काय काम, असं आप्पांचं म्हणणं. तिथली माणसं उन्हाळ्यात बनियनवर असतात, शिव्या देतात, आणि परक्या माणसानं पोरीचा हात धरून माप घ्यायचं हे काय बरं दिसतं का? अव्वा भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "कासार धरतोय की. समद्या पेठेच्या बायकांचं हात त्यो धरतोय."

"कासाराचं येगळं."

"त्यो बी गडीच हाय."

"अगं, कासार म्हंजे कासार. त्यो काय गडी अस्तोय व्हय?"

अव्वानं भाकरी तव्यावर टाकली आणि वाद तिथंच फुगून निवला. पण कासाराच्या उल्लेखानं आप्पांना वाट सापडली. शिंप्याकडे जाताना बायका मापाचा ब्लाउज नेतात. शिंप्याला बाई दिसायची गरज नसते. तसंच हेही. दुसऱ्या दिवशी आप्पा माझी हिरवी काचेची बांगडी रुमालात गुंडाळून उद्यमनगरला घेऊन गेले. "सव्वादोनचा हात हाय," असं सांगायचं अव्वानं बजावलं होतं. इस्माईलचाचांनी ती बांगडी उजेडात धरून बराच वेळ पाहिली म्हणे. बांगडीवरून पिस्तुलाची मूठ करणारे ते जगातले पहिले आणि शेवटचे कारागीर असावेत. त्यांनी सागवानाची एक देखणी मूठ केली, सवयीनं सगळीकडे थोडं थोडं लाकूड जास्तीचं ठेवलं आणि पुन्हा निरोप दिला: हात आला की घासतो.

मग आप्पा दादाला घेऊन गेले. "एकाच आईची दोन लेकरं," त्यांनी चाचांना समजावलं, "हात कितीसा येगळा असणार? ह्येचं माप घ्या आणि दोन सूत कमी धरा." दादा त्या वेळी रोज तालमीत जायचा. त्याचा पंजा पराठ्याएवढा होता. त्यानं मूठ धरली, चाचा कुठं टोचतंय विचारत गेले, दादा सांगत गेला आणि चाचा घासत गेले. शेवटी दादाला कुठंच टोचेना. मी बाहेर स्कूटरपाशी उभी राहून हे ऐकत होते. स्वतःचा हात खिशात घालून दुसऱ्याच्या हाताचं दुखणं बरं होताना ऐकणं हा अनुभव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. घरी आल्यावर आप्पांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं. सगळे बघत होते. "बसलं का न्हाई?" मी मान हलवली. आमच्या घरात मान हलवण्याचा एकच अर्थ होता.

ती मूठ खरंच सुरेख होती, आणि माझ्याखेरीज सगळ्यांच्या हाताला बसत होती. त्या महिन्यात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात आप्पांनी पिस्तूल दिलं. सोयरे, दुकानाचे कमिशन एजंट, वधूवर मंडळाचे सेक्रेटरी, गडहिंग्लजच्या आत्याचे यजमान, सगळ्यांनी ते उचललं, एक डोळा मिटला, पंख्यावर किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि खोलवर आवाज काढून सांगितलं, "झ्याक बसतंय हाताला." मी पिस्तूल रिकामं आहे ना ते आधी तपासून देत असे आणि मग त्या माणसाच्या मागं जाऊन उभी राहत असे. एवढंच सरांनी शिकवलेलं मला घरात अमलात आणता आलं. आत्याच्या यजमानांनी तर वेगळीच सूचना केली: "मूठ अशी कोरडी कशाला? पॉलिश मारा की." आप्पांनी पॉलिश मारून आणलं. आता ती मूठ आमच्या बैठकीच्या सोफ्याच्या हातासारखी चकाकत होती, आणि घाम आला की सोफ्याच्या हातासारखीच हातातून निसटत होती. निसटू नये म्हणून मी घट्ट धरायची. घट्ट धरलं की बेचक्यात टोचायचं. तिथली कातडी आधी लाल झाली, मग पाणी धरलं.

खंडेनवमीला दरवर्षी आप्पा तराजू, मापं आणि अडकित्ता पुजायचे. त्या वर्षी मधोमध पिस्तूल मांडलं. विभूतीचे तीन पट्टे, झेंडूचं फूल, वर हळदकुंकू. कुंकू नळीच्या तोंडाशी गेलं. ते मी संध्याकाळी काडीला कापूस लावून काढत बसले होते, तेव्हा अव्वा होळगीचं ताट घेऊन आली. होळगी म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी. सणाच्या ताटात चटणी थोडीशी, पण पहिलाच घास घेताना तिचं तेल माझ्या फोडावर गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. अव्वानं माझा हात मनगटापाशी धरला आणि उजेडाकडे वळवला.

"यव्वा! ह्ये काय?"

"कंपासचं टोक लागलं."

अव्वानं माझ्याकडं पाहिलं, मग पिस्तुलाकडं. तिनं वाटीतलं तूप बोटावर घेऊन फोडाला लावलं. "सांग की बापाला," ती म्हणाली. "तोंडात जीभ हाय न्हवं?" मी डाव्या हातानं होळगी मोडली. ती वाटी घेऊन आत गेली. तिची जीभ तिनं कासाराच्या वेळीच वापरून संपवली होती.

गप्प का राहिले, याचं खरं उत्तर मला आज पन्नाशीच्या अलीकडे येऊनही देता येत नाही. आप्पा ओरडले असते म्हणून नव्हे. त्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. मला वाटायचं, इतक्या माणसांनी माझ्यासाठी इतकं केलं, आता टोचतंय म्हणणं म्हणजे त्या सगळ्यांच्या तोंडावर दार लावणं. तक्रार करण्याची शाळेनं मला एकच रीत शिकवली होती, ती म्हणजे अर्ज. म्हणून मी अर्ज लिहिला. इंग्रजीत, आखून दिलेल्या नमुन्यात. वर तारीख, मग आदरणीय महोदय, मग विषय: मुठीबाबत. खाली 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी' लिहिलं आणि मग 'विद्यार्थिनी' खोडून 'मुलगी' केलं. आप्पांचं इंग्रजी लेबलांपुरतं होतं, हे मला माहीत होतं; बहुधा म्हणूनच मी इंग्रजीत लिहिला. तो कागद विज्ञानाच्या वहीत राहिला. अजूनही असल्या खोडी माझ्यात आहेत. माझ्या पहिल्या नोकरीत मला सहा महिने अशी खुर्ची होती की पाय जमिनीला लागत नसत. खाली एक बटण असतं हे मला ठाऊक होतं. पण खुर्ची आधीच्या साहेबांनी बसवलेली होती.

गुण घसरू लागले. सर म्हणाले, "मन थाऱ्यावर नाही तुझं," आणि मला प्राणायाम सांगितला. मी पहाटे उठून प्राणायाम केला. त्यानं श्वास लांबला, फोड तेवढाच राहिला. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "चल, एक गंमत हाय." ती गंमत म्हणजे, मी सुरुवातीला सांगितलं तो प्रसंग. मी बाहेर उभी, आत आप्पा आणि चाचा, आणि ते वाक्य. आप्पा बाहेर आले तेव्हा पिस्तुलाच्या मुठीवर बाहेरच्या बाजूला पितळेची पट्टी स्क्रूनं बसवलेली होती. तिच्यावर आमच्या दुकानाचं नाव, 'घाऊक व किरकोळ' आणि दुकानाचा फोन नंबर. "म्हंजे हरवायला नको," आप्पा म्हणाले. मागं दारात इस्माईलचाचा हातावरचा भुसा झाडत उभे होते. त्यांनी एकदा पट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारावं असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं, पण मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर तपासणीचं टेबल मांडलेलं होतं. बाहेरगावहून आलेले एक सडपातळ साहेब तिथं बसले होते आणि त्यांच्यासमोर एक उथळ लाकडी पेटी होती. नियम सोपा: मुठीसकट पिस्तूल त्या पेटीत बसलं पाहिजे. माझ्या आधीच्या मुलींची पिस्तुलं भाकरीच्या टोपलीत भाकरी पडावी तशी पडली. माझं पडलं नाही. साहेबांनी ते फिरवून ठेवलं. तेव्हाही मूठ पट्टीच्या बाजूनं काठाच्या वर राहिली आणि पितळी पट्टी उन्हात चमकत राहिली. साहेबांनी ती वाचली. 'घाऊक व किरकोळ' पाशी ते क्षणभर थांबले.

"बसत नाही," ते म्हणाले.

"पेटी ल्हान हाय तुमची," आप्पा म्हणाले.

"सगळ्यांना हीच पेटी आहे."

"मग चुकीच्या मापाची केलीया कुणीतरी. दम धरा वाईच, आमचा पॅटर्नमेकर हाय, एक नंबरची पेटी करून देतो तुमाला. फुकट."

साहेबांनी शांतपणे सांगितलं की मुलीची पाळी शेवटच्या तुकडीत लावतो, दीड तास आहे, तोवर मूठ कमी करून आणा, नाहीतर नाव वगळावं लागेल. सर माझ्याजवळ आले. त्यांनी पहिल्यांदाच ती मूठ माझ्या हातात असताना नीट पाहिली, माझं बोट घोड्यापासून किती लांब राहतं ते पाहिलं आणि म्हणाले, "गिरिजा, ही मूठ कुणाची आहे?" मी उत्तर देण्याआधी आप्पांनी दिलं: "तिचीच की! खास करून घेतलीया."

स्कूटरवर मागं बसून मी पिस्तुलाची पेटी पोटाशी धरली होती. आप्पा मान मागं वळवून, वाऱ्यावर ओरडत योजना सांगत होते. आतली बाजू घासायची, खालचा तळवा घासायचा, टाच घासायची. पट्टीला मात्र हात लावायचा नाही, तिच्यावर चौकातल्या माणसाकडून नाव कोरून आणलंय. मी हिशेब केला नाही, पण मला एक गोष्ट दिसत होती. आतली बाजू घासली तर मूठ पेटीत बसेल आणि माझ्या हातातून कायमची जाईल. दीड तासानंतर मी जे काही धरून उभी राहीन ते दादाच्या हाताचं, सोफ्याच्या पॉलिशचं, दुकानाच्या नावाचं असेल. मग मी हरेन, पिस्तूल पुण्याला जाईल, आणि सगळे म्हणतील की पोरीनं प्रयत्न केला, आपण तर काही कमी केलं नव्हतं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण मला थांबायचं दुसऱ्या ठिकाणी आहे. त्या दुपारी माझे सहा नेम वाईट गेले, बाकीचे ठीक होते, काही फार चांगले. मला टीममध्ये राखीव म्हणून घेतलं. राखीव म्हणजे सोबत जायचं, पाणी आणायचं आणि कुणाला ताप यावा अशी इच्छा होऊ द्यायची नाही. आप्पांनी पेठेत मात्र असं सांगितलं की आमची गिरजी आता थेट महाराष्ट्राकडून खेळते. पिस्तूल घरात राहिलं. ते आजही माझ्या कपाटात आहे, आणि मध्यंतरी माझ्या मुलीनं उचलून पाहिलं तेव्हा "किती ऑकवर्ड आहे गं हे" असं म्हणून लगेच खाली ठेवलं. मला फार बरं वाटलं.

तर, वर्कशॉप. आप्पा नेहमीप्रमाणे म्हणाले, "हितंच थांब," आणि पेटी माझ्या हातातून घेऊन आत गेले. मी नेहमीप्रमाणे स्कूटरपाशी थांबले. करवत बंद झाली. रविवार नव्हता, तरी शेजारचं लेथही कशामुळे तरी बंद होतं, त्यामुळे त्या दिवशी मला दोघांचंही बोलणं ऐकू आलं.

"पेटीत बसंना, इस्माईलभाई. आतनं दोन सूत काढा. बिगी बिगी."

"आतनं म्हंजे कुठनं?"

"कुठनं बी काढा की. लाकूड हाय, सोनं हाय व्हय?"

"आप्पा, गेल्या दोन महिन्यात तुमी मला बांगडी दिली, पोराचा हात दिला, पितळंची पाटी दिली. जिचं हत्यार हाय तिचा हात न्हाई दिला. टोचतंय कुठं ते कळल्याबिगर मी आता कानस लावत न्हाय. काढल्यालं परत लावता येत न्हाय, म्हायतंय न्हवं तुमाला?"

स्वतःचंच आवडतं वाक्य समोरून आल्यावर माणूस थोडा गोंधळतो. मग आप्पांना जे येत होतं तेच ते म्हणाले, तितक्याच प्रेमानं आणि तितक्याच मोठ्यानं: "काय टोचत न्हाय तिला."

मी रस्त्याकडे बघत होते. एक हातगाडीवाला लोखंडी सळया घेऊन चालला होता आणि त्या खडखडत होत्या. मी फोडावर फुंकर घातली नाही. मी स्कूटरपासून निघाले आणि उंबरा ओलांडून आत गेले. आत कुणी उघडं नव्हतं. एक म्हातारा माणूस बनियनवर बसून डब्यातली पोळी खात होता, त्यानं मला बघून डब्यावर झाकण ठेवलं. बाकी नुसता सागाचा वास, पायांखाली मऊ भुसा आणि भिंतीवर टांगलेली लाकडी चाकं. एवढ्याशा जागेला आम्ही दोन महिने घाबरत होतो. आप्पा म्हणाले, "गिरजे, तू कशाला आत..." आणि त्यांचं वाक्य तिथंच राहिलं, कारण मी माझा उजवा हात पालथा नाही, उलगडून, कामाच्या टेबलावर मुठीशेजारी ठेवला होता.

इस्माईलचाचांनी हात धरला नाही. त्यांनी टेबलावरचा भुसा फुंकून बाजूला केला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकून पाहिलं. फोड फुटला होता. आप्पांनीही वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा, नेम लागून कागद फाटतो तसा एका जागी फाटला. "ह्ये कवा झालं?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा लेथपेक्षा लहान निघाला. मला त्यांची दया आली. मला वाटलं, आता मान हलवावी, काही नाही म्हणावं, आणि बाहेर जाऊन उभं राहावं. चाचांनी कानस उचलून हातात धरली होती, पण टेकवली नव्हती. ते वाट बघत होते. मी बोट मुठीच्या वरच्या कडेवर ठेवलं. तोंड उघडलं तेव्हा जी भाषा आली ती शाळेची नव्हती आणि मी घरात जपून बोलायचे तीही नव्हती. आवाज तर साफ अव्वाचा होता.

"हितं टोचतंय, चाचा," मी म्हणाले. "हितं बी टोचतंय. आणि पयली ती पट्टी काढा."